जगावेगळे बर्गर: कोणते खाल्लेत, कोणते परत खाल?

रविवारखाऊ
गेल्या काही वर्षांत पुण्यात बर्गरच्या नावाखाली काय काय मिळायला लागलंय त्याची नुसती यादी केली तरी धागा भरेल. काळा बन, गुलाबी बन, वरून ओतलेलं चीज, ताटाएवढा बर्गर, डोनट मधोमध कापून त्यात घातलेली पॅटी, पनीर मखनी बर्गर, आणि हल्ली तर तो पडू नये म्हणून वरून सुरी खुपसूनच टेबलावर आणतात. माझं मत सरळ आहे. जो बर्गर हातात धरून वरपासून खालपर्यंत एका घासात चावता येत नाही तो फसलेला बर्गर. पहिल्या घासात नुसता बन, दुसऱ्यात नुसतं कोबीचं पान आणि पॅटी निम्मी मागून बाहेर, असं होणार असेल तर सगळं ताटात वेगवेगळं वाढा की, चमच्याने खाऊ.

पण वेगळेपणाला माझा विरोध अजिबात नाही. उलट मला असं वाटतं की जे विचित्र बर्गर वर्षानुवर्षं टिकले ते कुणीतरी अडचणीतून वाट काढताना केलेले आहेत, आणि जे फोटोसाठी केले ते थोड्याच दिवसांत मेनूवरून जातात. इथे बरेच जण देशाबाहेर आहेत, गोव्यात आहेत, त्यांनी नक्की काहीतरी खाल्लं असणार. तर दोन प्रश्न. असा कुठला बर्गर खाल्लात जो ऐकायला भलताच वाटला पण परत खावासा वाटला? आणि चांगल्या बर्गरमध्ये कुठल्या गोष्टीवर तुम्ही तडजोड करणार नाही? शाकाहारी, मांसाहारी दोन्ही येऊ द्या.

शेवंती
वडापाव. दोन्ही प्रश्नांचं उत्तर. धागा बंद करा :)

अण्णा_डोंबिवली
+१ शेवंती

बिडाचा_तवा
शेवंतीताई, वडापावला बर्गरच्या रांगेत उभं करू नका हो, त्याचं स्वतःचं घराणं आहे. त्यातला वडा गोल असतो, त्याला बेसनाचं कवच असतं आणि कोरडी लसणाची चटणी पावाला चिकटून बसते. चपटी पॅटी, दोन बाजूंनी भाजलेला बन आणि मधे काहीतरी ओलं ही बर्गरची मांडणीच निराळी.

आता मूळ प्रश्न. मी ओक्लाहोमात तल्साला असतो. इथून साधारण दोन तासांवर एल रेनो नावाचं छोटंसं गाव आहे, रूट ६६ हा जुना महामार्ग तिथून जातो. तिथला कांद्याचा बर्गर म्हणजे तुमच्या 'अडचणीतून वाट' या मुद्द्याचा पुरावाच आहे. १९२० च्या दशकात आणि पुढे मंदीत मांस महाग आणि कांदा स्वस्त, म्हणून तिथल्या टपरीवाल्यांनी खिम्याचा छोटा गोळा तव्यावर ठेवायचा, त्यावर कागदासारखा पातळ चिरलेला कांदा मूठभर टाकायचा आणि उलथन्याने सगळं दाबून एकजीव करायचं असं सुरू केलं. उलटल्यावर कांदा खाली जातो आणि मांसाच्या चरबीत परतला जातो, कडेचा करपतो, मधला गोड होतो. वरून बन ठेवतात म्हणजे तो त्याच वाफेवर गरम होतो. त्या गावात १९२६ पासून चालू असलेलं रॉबर्ट्स ग्रिल आहे, जेमतेम काही स्टुलं आणि समोर तवा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बघूनच मन भरलं. त्यात टोमॅटो नाही, पानं नाहीत, आणि त्यांची आठवणही येत नाही.

मांस वाचवायला घातलेला कांदा आज लोक पैसे देऊन मुद्दाम खातात. इतकं सुंदर उदाहरण दुसरं नसेल.

मिनेसोटाकर
तवासाहेब, तोंडाला पाणी सुटलं.

आमच्याकडे मिनियापोलिसला ज्यूसी लुसी. यात चीज पॅटीच्या आत असतं, दोन पातळ पॅटींच्या मधे चीज ठेवून कडा बंद करतात आणि मग भाजतात. सीडर अ‍ॅव्हेन्यू या एकाच रस्त्यावर दोन बार आहेत, मॅट्स बार आणि फाइव्ह-एट क्लब, आणि दोघंही म्हणतात की हे आमचंच. मॅट्सवाले तर स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळूनच लिहितात आणि जिथे ते अक्षर दिसतं तिथला नकली असं सांगतात. २०१४ मध्ये ओबामा मॅट्सला जाऊन खाऊन आले तेव्हा इथे केवढी चर्चा!

सांगायचं म्हणजे आल्या आल्या चावायचा नाही. आतलं चीज उकळतं असतं, वाढणारी बाई आधी ताकीद देते, तरी आमच्याकडे भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा जीभ भाजून घेतोच. पाच मिनिटं थांबून खाल्लं की मात्र त्याला तोड नाही. बाहेरून चीज ठेवलं तर ते बनला चिकटतं, इथे ते मांसात मुरतं.

फटकळ_काकू
पाच मिनिटं समोर ठेवून बघत बसायचं? आमच्या घरात शक्य नाही.

उंडो
गोव्यातून, मडगावहून लिहितोय. इथे संध्याकाळी गाड्यांवर कटलेट-पाव मिळतो. परदेशी पाहुण्यांना आम्ही तो बर्गरच म्हणून देतो आणि कुणी तक्रार केलेली नाही. यात खिमा नसतो. मांसाचा पातळ काप ठोकून आणखी पातळ करतात, आलं, लसूण, मिरची, व्हिनेगर लावून मुरवतात, रव्यात घोळवून तव्यावर कमी तेलात तळतात. पावात चिरलेला कोबी, कांदा, असलीच तर थोडी चटणी, बस्स. बीफचा जास्त चालतो, चिकनचाही असतो.

चांगल्या बर्गरमध्ये तडजोड कशावर नाही म्हणाल तर पावावर. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवर हॉर्न वाजवत येतो. कटलेट नेहमीच्या मऊ पावातच चांगलं लागतं. उंडो घेतला तर वरचं कवच कडक, दाताखाली दाबलं की आतलं सगळं मागून बाहेर. माझं नाव उंडो असलं तरी कटलेटसाठी उंडो घेऊ नका, तो झणझणीत भाजीबरोबर बुडवून खायचा. पोई आतून पोकळ असते, त्यात चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज) भरून छान लागतं, सगळं खिशात राहतं.

बिडाचा_तवा
@उंडो, लाखमोलाचं बोललात. बन हा पॅटीपेक्षा मऊ असायलाच हवा. आपण चावतो तेव्हा जे जास्त कडक असतं ते मऊ वस्तूला बाहेर ढकलतं. हॉटेलांतले महागडे कडक बन इथेच मार खातात, आणि आपला ब्रून पावही. ब्रून चहात बुडवावा किंवा लोणी लावून खावा, त्यात बर्गर केला तर टाळूही सोलून निघते.

कॅम्पातला
पुण्याचा विषय निघालाय आणि अजून कुणी आमच्या कॅम्पातल्या बर्गर किंगचं नाव घेतलं नाही? १९९२ पासूनचं. त्याच नावाची अमेरिकन साखळी भारतात आली २०१४ ला. नावावरून त्या कंपनीने २०११ मध्ये दावा लावला होता आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला. पुढे प्रकरण अपिलात वर गेलं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत बर्गर म्हणजे तिथलाच, बाहेर दुचाक्या लावून, कागदात गुंडाळलेला, उभ्या उभ्या.

अण्णा_डोंबिवली
बर्गरच्या आठवणी म्हणाल तर १९९६. त्या वर्षी मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, दिल्लीत वसंत विहारला आणि मुंबईत वांद्र्याला. आमचे बाबा आम्हा भावंडांना लोकल बदलत बदलत घेऊन गेले होते आणि बाहेर ही रांग. बाबांनी बर्गर उघडून आत काय आहे ते बघितलं, परत बंद केला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी?" आईला मात्र बटाट्याची टिक्की फार आवडली. जगात मॅकडोनाल्ड्सची बीफशिवाय चालणारी दुकानं पहिल्यांदा भारतातच निघाली, आणि चिकनचा महाराजा मॅक खास आपल्यासाठी काढला.

मिनेसोटाकर
अण्णा, सुरुवातीचा महाराजा मॅक मटणाचा होता. चिकनचा नंतर झाला.

अण्णा_डोंबिवली
असेल बुवा. आमच्या वाट्याला टिक्कीच आली होती.

शाकाहारी_सरपंच
टिक्कीवरूनच बोलतो. आम्हा शाकाहाऱ्यांना बर्गर म्हटलं की बटाटा एवढंच का? बन मऊ, बटाटा मऊ, मेयॉनीज मऊ, सगळा घास कापसासारखा. बटाटा मला प्रिय आहे, पण बर्गरमध्ये त्याला आधार लागतो. माझ्या घरी चालणारी रीत सांगतो. बटाटे उकडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे, गरम गरम कुस्करले तर चिकट गोळा होतो, गार झालेले मोकळे राहतात. त्यात भिजवून निथळलेले पोहे, परतून पाणी आटवलेल्या भाज्या, मिरची-आलं. पॅटी थापल्यावर पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये. मग मैद्याच्या पातळ घोळात बुडवून भरड कुटलेल्या कोरड्या पोह्यांत घोळवायची आणि तळायची. वरून जे कुरकुरीत कवच येतं ते ब्रेडच्या चुऱ्याला येत नाही.

दुसरी पॅटी कच्च्या फणसाची. कुकरला शिजवून हाताने रेषा सोडवायच्या, फडक्यात बांधून पाणी काढायचं, कांदा-लसणावर परतायचं आणि भाजलेल्या बेसनाने बांधायचं. रेषांमुळे चावायला काहीतरी मिळतं. कोकणातून फणस आला की आमच्याकडे हे ठरलेलं.

आणि परदेशातले ते मांसासारखे लागणारे शाकाहारी बर्गर मला नकोत. मी जन्मात मांस खाल्लं नाही, मला त्याची नक्कल कशाला?

सॅन_होजे_सई
सरपंच, मी पण शाकाहारी आणि माझं मत थोडं वेगळं आहे. इथे इम्पॉसिबल बर्गर ऑफिसच्या प्रत्येक पार्टीत असतो. त्यात सोयाबीनच्या मुळांतल्या गाठींत असतं तसं लेगहिमोग्लोबिन यीस्टमधून तयार करून घालतात, त्यामुळे तो भाजताना लालसर दिसतो आणि वासही तसाच येतो. पहिल्या घासाला मला खरंच मळमळलं. पण नवरा मांसाहारी आहे, त्याने आठवड्यातले निम्मे बर्गर यावर आणलेत. हे तुमच्या-माझ्यासाठी बनवलेलंच नाही, मांस सोडायची इच्छा असलेल्या माणसासाठी आहे, आणि त्याच्यासाठी ते काम करतंय.

मला स्वतःला मात्र राजमा आणि अक्रोडाची पॅटी आवडते, इथल्या एका छोट्या कॅफेत मिळते.

शाकाहारी_सरपंच
हो, हे पटलं. त्या बाजूने मी विचार केला नव्हता.

टोकियोची_मेघना
माझा नंबर उशिरा लागला. जपानमध्ये मॉस बर्गर नावाची साखळी आहे, १९७२ पासूनची. त्यांनी १९८७ मध्ये तांदळाचा बर्गर काढला. बनच नाही! भाताच्या दोन चकत्या दाबून, सोया सॉसचा हात फिरवून भाजतात आणि मधे परतलेलं मांस किंवा भाज्या-कोळंबीची कुरकुरीत भजी. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं हा फुटणार हातात. पण तो कागदाच्या खिशात देतात आणि जपानी तांदूळ चिकट असल्यामुळे शेवटपर्यंत धरून राहतो. बाहेरून खरपूस, आतून मऊ. परत खावासा वाटला का, तर हो, आता ब्रेडचा खाते तेव्हा याची आठवण येते.

सुट्टीत पुण्याला घरी करून बघितला. बासमतीचं काही खरं नाही, दाणा दाणा सुटतो. इंद्रायणी घ्या. थोडा जास्त पाणी घालून शिजवायचा, गरम असतानाच वाटीत दाबून चकती करायची, गार झाली की तव्यावर तेलाचा हात लावून भाजायची. आईने मधे मेथीची गोळा भाजी आणि मिरचीचा ठेचा घातला आणि सगळं घर उभ्याने खात होतं.

फटकळ_काकू
मेघना, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. इंद्रायणीची कल्पना पहिल्या नंबरची.

आता माझं ऐका. मी भाजणीची पॅटी करते. थालीपिठाच्या भाजणीत भरपूर कांदा, कोथिंबीर, तीळ, तिखट, आणि थापताना थालीपिठापेक्षा जाड, तळव्याएवढं. मधे भोक पाडायचं नाही, झाकण ठेवून मंद आचेवर. लोणी बनला लावायचं, मेयॉनीज घरात येत नाही, दाटसर चक्क्यात लसूण कुटून घालते. नातवंडं याला आजी-बर्गर म्हणतात आणि बाहेरचा मागत नाहीत. उलट करून बघितलं होतं, बनऐवजी भाकरी. ज्वारीच्या पिठाला चिवटपणा नाही, दुमडली की तडकते, सगळं मांडीवर. भाकरी ताटातच शोभते.

शेवंती
काकू पाकृचा वेगळा धागा काढा, प्लीज!

यारा_काठची
मेलबर्नहून. इथे बर्गरमध्ये बीट असतं. हो, डब्यातलं, व्हिनेगरमधलं बीट. आणि 'विथ द लॉट' म्हणून मागितला तर तळलेलं अंडं, अननसाची चकती, बेकन, बीट, कांदा, चीज सगळं एकाच बनमध्ये. रविवारखाऊंच्या नियमाप्रमाणे हा बसत नाही कारण तोंडात मावत नाही आणि बिटाचा रंग शर्टवर राहतो तो राहतोच. पण मी बिटाची बाजू घेणार. मांस आणि अंडं दोन्ही जड, त्यात आंबट-गोड बीट आलं की जीभ ताजी होते. आपण जेवणात कोशिंबीर घेतो त्याच कारणासाठी. अननस मात्र मला नको, त्याचं पाणी सगळा बन भिजवतं.

रविवारखाऊ
वा, आंबटाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. म्हणजे लोणच्याच्या काकडीची जागा बिटाने घेतली. आपल्याकडे ती काकडी कुणालाच आवडत नाही, सगळे काढून ठेवतात, आणि त्या बदल्यात आंबट काही घालत नाहीत. म्हणून बरेचसे बर्गर निम्म्यावर कंटाळवाणे होतात का?

नागपुरी_ठेचा
बरोब्बर. आम्ही सावजी मसाल्यातला खिमा बनमध्ये घालतो तेव्हा वर लिंबू पिळलेला कांदा असतोच असतो. नाहीतर दोन घासांत डोक्याला घाम. आता कुणी म्हणेल तो बर्गर नाही खिमा-पाव आहे, तर पॅटी थापूनच करतो भाऊ.

डॉ_कडूनिंब
काळ्या बनबद्दल धाग्यात सुरुवातीला उल्लेख आला म्हणून लिहितो. त्यातला रंग बऱ्याचदा अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलचा असतो. विषबाधेत आम्ही तोच देतो, कारण तो पोटातली द्रव्यं स्वतःवर धरून ठेवतो. मग तो औषधंही धरून ठेवू शकतो. रोजच्या गोळ्या चालू असतील तर त्या वेळेच्या आसपास काळा बर्गर, काळं आइस्क्रीम टाळा. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये हॉटेलांतल्या चारकोलच्या पदार्थांवर कारवाई केली होती. चवीला तो काहीच देत नाही.

खिम्याबद्दलही एक. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात, खिमा केला की ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून स्टेक मधे लालसर चालतो, बर्गर चालत नाही. अमेरिकेत १९९३ च्या ई. कोलायच्या साथीत लहान मुलं दगावली ती अर्धवट शिजलेल्या बर्गरमुळे. तिथल्या सरकारी सूचनेप्रमाणे बीफचा खिमा आतून ७१ अंश सेल्सियसला पोचायला हवा. घरी मुलांना देताना हे पाळाच.

टोकियोची_मेघना
डॉक्टर, इथल्या काळ्या बर्गरमध्ये बांबूचा कोळसा आणि माकुळाची शाई असायची. शाईला निदान समुद्राची थोडी खारट चव तरी असते.

नवा_भिडू
मटणाचा बर्गर घरी केला तर कोरडा पडतो आणि चिवट होतो. दरवेळी. काय करावं?

बिडाचा_तवा
नवा भिडू, याला तीन कारणं असू शकतात, सविस्तर लिहितो कारण मटणावर कुणी लिहीत नाही.

आपलं बोकडाचं मटण मुळात कमी चरबीचं. बर्गरसाठी साधारण पाचवा हिस्सा चरबी लागते. खाटकाला सांगा, मांडीचा नुसता लाल खिमा नको, खांद्याचा द्या आणि वरची चरबी काढून टाकू नका. चिकन असेल तर छातीचा खिमा अजिबात नको, मांडीचा घ्या.

दुसरं, मीठ. खिम्यात मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना धरतात आणि सॉसेजसारखं रबरी होतं. शिगकबाबला ते हवं असतं, सळईवर टिकायला. बर्गरला नको. खिमा मळायचा नाही, हलक्या हाताने गोळा करायचा, मीठ-मिरपूड फक्त वरून आणि तेही तव्यावर टाकायच्या क्षणी. आलं-लसूण-कोथिंबीर-अंडं-ब्रेड सगळं कालवलंत तर ते उत्तम कटलेट होईल, पण ते कटलेट.

तिसरं, तवा. नॉनस्टिक बाजूला ठेवा, बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा. साठ-सत्तर ग्रॅमचा गोळा टाका, वर बटरपेपर ठेवून सपाट भांड्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात जोरात दाबा. त्यानंतर दाबायचं नाही, आता दाबलं की रस बाहेर. खाली तपकिरी पापुद्रा धरतो, तिथेच सगळी चव आहे, तो उलथन्याने खरवडून पॅटीबरोबर उचलायचा. दीडेक मिनिट एका बाजूला, उलटून त्याहून कमी, पातळ असल्यामुळे आतपर्यंत शिजतो, डॉक्टरांची अटही पाळली जाते. जाड एक पॅटी करण्यापेक्षा पातळ दोन करा. आणि मटणाची चरबी गार झाली की टाळूला चिकटते, तेव्हा लगेच खा.

नवा_भिडू
एवढं कुणी समजावलं नव्हतं. मी कोथिंबीर-अंडं सगळंच घालून मळत होतो. मनापासून धन्यवाद!!

क्वालालंपूरचा_पाटील
अंड्यावरून आठवलं. मलेशियात रस्त्यावर रामली बर्गर मिळतो. तव्यावर अंडं फेटून पसरतात, त्यात पॅटी ठेवून चारी बाजूंनी ऑम्लेटची घडी घालतात, वर मिरपूड, चिली सॉस, मेयॉनीज. रात्री ऑफिसातून परतताना गाडीवर तव्याचा आवाज ऐकू आला की पाय थांबतात. यात अंड्याचं काम काय तर पॅटी साधी, स्वस्तातली असली तरी ती ओली राहते आणि सॉस सांडत नाही. कराचीचा बन-कबाब पण याच जातीचा, चणाडाळ आणि मांसाचा शामी कबाब अंड्यात बुडवून तळलेला, सोबत चटणी. तिथेही डाळ घातली ती मांस पुरवायला. धागाकर्त्यांचा मुद्दा आशियातही लागू पडतोय.

मिनेसोटाकर
आणि मिसिसिपीत कॉरिंथला स्लगबर्गर, मांसात सोयाबीनचं भरड पीठ मिसळून तळलेला. तोही टंचाईचाच. म्हणजे मांस महाग झालं की कुणी कांदा घालतो, कुणी सोयाबीन, कुणी डाळ.

वादळवारा
मांसाचं निघालंच आहे तर महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर

रविवारखाऊ
@वादळवारा, विनंती आहे, तो विषय महत्त्वाचा आहे पण त्याचे धागे आधीच भरपूर आहेत. इथे खाण्यावरच राहूया.

वादळवारा
मी एवढंच लिहिणार होतो की म्हशीचं मांस चालतं आणि पुण्या-मुंबईत काही ठिकाणी त्याचाच बर्गर मिळतो, तोही कमी चरबीचाच, त्यामुळे तवासाहेबांचं चरबीचं गणित त्यालाही लागू. अर्धवट पोस्ट गेली.

रविवारखाऊ
मग उत्तमच, ही माहिती हवीच होती.

कॅम्पातला
बन ओला होण्यावर उपाय काय? घरून डब्यात नेला की लगदा.

यारा_काठची
दोन्ही अर्ध्या आतल्या बाजूने लोणी लावून तव्यावर लालसर भाजायच्या, लोण्याचा थर पाणी अडवतो. टोमॅटो चिरून मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवायचा आणि पुसून घ्यायचा. सॉस खालच्या बनला लावायचा नाही. डब्यात न्यायचा असेल तर काकडी-टोमॅटो वेगळा, खाताना घाला.

सॅन_होजे_सई
कनेटिकटला न्यू हेवनमध्ये लुईज लंच म्हणून १८९५ पासूनचं दुकान आहे, ते तर बनच वापरत नाहीत, पांढऱ्या ब्रेडचे टोस्ट. पॅटी जुन्या उभ्या लोखंडी भट्ट्यांत भाजतात. चीज, कांदा, टोमॅटो एवढंच, आणि केचप मागितला तर मिळत नाही. नवऱ्याबरोबर गेले होते, मी नुसती बटाट्याची कोशिंबीर खाल्ली, पण तो गाडीत बसल्यावरही गप्प होता, खाण्याबद्दल त्याच्याकडून एवढी मोठी दाद मी ऐकलेली नाही.

शेवंती
मी पहिल्यांदा वडापाव लिहून मोकळी झाले होते पण आता सगळं वाचून खरं उत्तर देते. मला बर्गरमध्ये गरमपणा हवा. तव्यावरून सरळ हातात. वडापाव मला इतका का आवडतो तर कढईतून निघालेला वडा समोर पावात जातो. १९६६ पासून दादरला सुरू झाला असं सांगतात, तेव्हापासून आजपर्यंत गाडीवाल्याने ते एक सोडलेलं नाही. मोठ्या दुकानांत बर्गर दिव्याखाली ठेवलेला असतो, मग त्यात कितीही चीज ओता.

बिडाचा_तवा
शेवंतीताई, आता मी पण +१. एल रेनोला सुद्धा तेच आहे, तवा आणि गिऱ्हाईक यांच्यात हातभर अंतर.

रविवारखाऊ
सगळ्यांचे आभार, इतकं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. माझं मत थोडं बदललंय. मी उंचीवरून भांडत होतो, पण इथे वाचल्यावर वाटतंय की बन पॅटीहून मऊ, कुठेतरी आंबट आणि तव्यावरून सरळ हातात, या तीन गोष्टी जमल्या तर ऑस्ट्रेलियातला तो भला मोठा बर्गरही मी खाईन, शर्ट खराब झाला तरी. डोनटवाल्याला मात्र माफी नाही.

या रविवारी सोसायटीतल्या पोरांसाठी सरपंचांची पोह्यांच्या कवचाची पॅटी करतोय, पण बटाटा निम्मा आणि सुरण निम्मा घ्यायचा विचार आहे, सुरणाला चावायला जरा दम असतो. वर काकूंचा लसणाचा चक्का आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं बीट. सरपंच, अर्धा किलोला पोहे किती?

शाकाहारी_सरपंच
भिजवलेले अर्धी ते पाऊण वाटी, हाताला कोरडं लागेपर्यंत. कवचासाठी कोरडे वेगळे. पातळ पोहे नकोत, जाड घ्या.

फटकळ_काकू
आणि सुरण चिंचेच्या पाण्यात उकड रे, नाहीतर पोरांचे घसे खवखवतील आणि आया तुझ्या दारात येतील.